ऐकू येतं, पण कळत नाही

मिक्सर चालू असेल तर थोडा वेळ बंद करा, टीव्हीचा आवाज कमी करा आणि जरा जवळ येऊन बसा. आज आपण कानाविषयी बोलणार आहोत. ३ मार्च हा दिवस जगभर श्रवण दिन म्हणून पाळतात. श्रवण म्हणजे ऐकणं. ऐकणं इतकं सवयीचं असतं की ते कमी झालं तरी आपल्याला कळत नाही. कधी कधी तर ज्याचं कमी झालंय त्यालाही कळत नाही. माझ्या हातून याच बाबतीत एक चूक झाली. ती आधी सांगते.

आमच्या एका गटात एक मावशी आहेत. वय पंचावन्नच्या पुढे. नवऱ्याच्या मागे त्यांनी एकटीनं २०-२२ वर्षं पिठाची गिरणी चालवली. हिशोबाला पक्क्या, म्हणून गटानं त्यांना सचिव केलं. एकदा पावसाळ्याआधीच्या बैठकीत ठरलं, सहा तारखेला बँकेत जाऊन पैसे काढायचे. एका सदस्याला मुलाची फी भरायची होती. पैसे काढायला अध्यक्ष आणि सचिव दोघींची सही लागते. सहा तारखेला आम्ही अकरापासून दोनपर्यंत बँकेच्या दारात उभ्या, मावशींचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणाल्या, "दहा तारखेला ना जायचंय?" पुढे दोन दिवस सुट्टी. फी उशिरा भरली गेली, वर दंड बसला.

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर बोलले, "मावशी, लक्ष कुठे असतं तुमचं?" त्या काही बोलल्या नाहीत. बैठक संपल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "दुसरी कोणीतरी बघ बाय." त्यानंतर त्या बैठकीला यायच्या, मागे भिंतीला टेकून बसायच्या, सही करायच्या आणि जायच्या. आम्हाला वाटलं, रुसल्या.

त्या रुसल्या नव्हत्या. त्यांना 'सहा' मधला 'स' ऐकूच आला नव्हता. हे कसं होतं ते समजायचं तर आवाज म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागेल. शाळेत आपण हे शिकलोय, पण परीक्षेपुरतं.

एका पातेल्यावर प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधा. त्यावर तांदळाचे चार दाणे टाका आणि शेजारी ताट वाजवा. दाणे थरथरतील. हात कोणी लावला नाही, मग दाणे कशानं हलले? ताट थरथरलं, ताटानं शेजारच्या हवेला ढकललं, त्या हवेनं पुढच्या हवेला, असं करत धक्का कागदापर्यंत पोचला. या थरथरीला कंपन म्हणतात आणि पुढे पुढे जाणाऱ्या धक्क्याला ध्वनितरंग. गळ्यावर बोटं ठेवून "आ" म्हणा, बोटांना कंपन लागेल. आवाज म्हणजे एवढंच.

धक्का पोचवायला काहीतरी लागतं. त्याला माध्यम म्हणतात. हवा हे माध्यम आहे, पाणी आहे, लाकूडही आहे. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणून वीज चमकली की मोजायला लागा. गडगडाट यायला ३ सेकंद लागले तर वीज साधारण एक किलोमीटरवर आहे. आकडा कमी कमी होत असेल तर वादळ जवळ येतंय, खाडीतून, शेतातून, किनाऱ्यावरून लगेच घर गाठायचं. पाण्यातून आवाज याच्या चौपटीहून जास्त वेगानं जातो, सेकंदाला साधारण १,५०० मीटर. बोटीवर मासे शोधायचं यंत्र असतं, ते पाण्यात आवाज सोडतं आणि माशांच्या थव्यावर आपटून परत आलेला आवाज टिपतं. परत येणारा आवाज म्हणजे प्रतिध्वनी. तो आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. गरोदरपणातली सोनोग्राफीही अशाच, न ऐकू येणाऱ्या आवाजानं होते.

न ऐकू येणारा आवाज म्हणजे काय? इथं दोन मापं समजून घ्यायला हवीत. सगळा गोंधळ ही दोन मापं एकत्र केल्यामुळे होतो.

आपल्याकडे होळीला, लग्नाला खालूबाजा वाजतो. त्यात ढोल असतो आणि सनई असते. ढोलाचा आवाज जाड, खोल. सनईचा बारीक, उंच. सनई हळू वाजवली तरी ती बारीकच राहते, ढोल जोरात बडवला तरी तो जाडच राहतो. आवाज जाड की बारीक, हे एक माप. त्याला तारता म्हणतात. ती कंपनांच्या संख्येवर ठरते. एका सेकंदात किती कंपनं झाली, ती वारंवारता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. सेकंदाला १०० कंपनं म्हणजे १०० हर्ट्झ, जाड आवाज. ४,००० कंपनं म्हणजे बारीक आवाज. निरोगी तरुण कान २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्याच्या वरचा आवाज आपल्यासाठी नसल्यासारखाच. त्याला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात.

दुसरं माप आवाज हळू की मोठा याचं. ते डेसिबलमध्ये मोजतात. हे नाव टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्यावरून आलं. बेल बहिऱ्या मुलांना शिकवायचे. त्यांच्या आईला ऐकू येत नव्हतं, पत्नीलाही नाही. कानात कुजबुजलं तर साधारण ३० डेसिबल, साधं बोलणं ६०. या मापाची एक गंमत आहे. १० डेसिबल वाढले की आवाजाची ताकद १० पट होते. २० वाढले की १०० पट. म्हणजे ८० आणि १०० हे आकडे दिसायला जवळ, पण ताकदीत शंभर पटींचा फरक.

आता कानाकडे येऊ. दिसतो तो कान म्हणजे नुसती पन्हळ, आवाज गोळा करून आत सोडणारी. आत नळी, नळीच्या टोकाला पडदा, साधारण १ सेंटीमीटर रुंद. हा बाहेरचा भाग बाह्यकर्ण. आवाजानं पडदा थरथरतो, आपल्या पातेल्यावरच्या कागदासारखा. पडद्यामागे तीन हाडं साखळीसारखी जोडलेली आहेत. आकारावरून त्यांची नावं हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे आपल्या अंगातलं सगळ्यात लहान हाड, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. ही तीन हाडं पडद्याची थरथर आत पोचवतात. हा मध्यकर्ण.

त्याच्या आत अंतःकर्ण. तिथं शंखासारखी गुंडाळलेली एक नळी आहे. उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. तिच्यात पाणी भरलेलं असतं आणि आतल्या पडदीवर ओळीनं केसांसारखे तुरे असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण १५ ते १६ हजार. पाणी हललं की तुरे हलतात, पेशी मेंदूला संदेश धाडतात आणि मग आपल्याला "ऐकू आलं" असं कळतं. प्रत्येक जागेचं काम वाटून दिलेलं असतं. शंखाच्या तोंडाशी बसलेल्या पेशी बारीक आवाज टिपतात, आतल्या टोकाच्या पेशी जाड आवाज टिपतात. हे शोधून काढणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाला १९६१ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

मासळी साफ करणाऱ्या बायांना एक गोष्ट ठाऊक असेल. घोळ किंवा ढोमी चिरताना डोक्यात दोन पांढरे खडे सापडतात. ते माशाच्या कानातले खडे. त्यांच्यामुळे माशाला ऐकू येतं आणि पाण्यात तोल सांभाळता येतो. आपल्याही अंतःकर्णात तसे अगदी बारीक कण असतात, तोल राखायला. ते जागचे हलले की कूस बदलताना घर फिरल्यासारखं वाटतं. म्हणून तशी चक्कर आली तर डॉक्टर कानही तपासतात.

आता मावशींच्या 'स' कडे वळू. शंखातल्या त्या पेशी माणसाला जन्मतः मिळतात तेवढ्याच. मेल्या की नवीन येत नाहीत. वय वाढलं की आधी तोंडाशी बसलेल्या, म्हणजे बारीक आवाजाच्या पेशी जातात. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं तरी पहिला घाव त्याच बाजूला बसतो, साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास. गिरणी असो, बोटीचं इंजिन असो, लाकूड कापायचं यंत्र असो.

आपल्या बोलण्यात अ, आ, ओ हे स्वर जाड असतात आणि जोरदार असतात. स, श, च, त, क, ठ ही अक्षरं बारीक आणि कमी जोराची असतात. 'स' ची सळसळ तर ४,००० हर्ट्झच्याही वर असते. बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी गेल्या की स्वर ऐकू येतात, ही अक्षरं गळतात. 'सहा' आणि 'दहा', 'साठ' आणि 'आठ', 'ताट' आणि 'पाट' एकसारखे होतात. माणूस उरलेला शब्द अंदाजानं भरतो. कधी बरोबर येतो, कधी चुकतो.

म्हणूनच असा माणूस म्हणतो, "ऐकू येतंय गं, कळत नाही." आणि आपण म्हणतो, "हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं!" दोघीही खोटं बोलत नाहीत. ढोल ऐकू येतो, सनई येत नाही. शांत घरात समोर बसून बोललं तर कळतं. बैठकीत चौघी एकदम बोलल्या, वर पंखा फिरतोय, की काही कळत नाही. आणि आपण ओरडलो तर काय होतं? ओरडताना स्वर मोठे होतात, 'स' तेवढा वाढत नाही. त्यामुळे कळत काहीच नाही, वर समोरच्या माणसाला वाटतं ही आपल्यावर चिडली.

ऐकू कमी येण्याची कारणं दोन प्रकारची असतात. पहिल्यात आवाज आत पोचतच नाही. नळीत मळाचा बोळा बसलेला असतो, पडद्याला भोक पडलेलं असतं, पडद्यामागे पाणी किंवा पू साठलेला असतो. यातलं बरंचसं औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं बरं होऊ शकतं. दुसऱ्यात आवाज पोचतो, पण आतल्या पेशी किंवा नस थकलेली असते. ते सहसा औषधानं परत येत नाही, तिथं श्रवणयंत्र लागतं. कोणता प्रकार आहे हे घरी कळत नाही. डॉक्टर नादकाटा वाजवून कानापाशी आणि कानामागच्या हाडावर धरतात, मग बंद खोलीत यंत्रावर तपासणी होते आणि कागदावर आलेख मिळतो. तपासणी दुखत नाही. कानात वाजलं की हात वर करायचा किंवा बटण दाबायचं, एवढंच.

आता घरोघरी चालणारी एक गोष्ट. कान दुखला, वाहिला की कोमट तेल घालतात. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आत जातं आणि जंतूंना घर मिळतं. केसांची पिन, काडी, किल्ली घालून मळ काढायला गेलं तर मळ आत ढकलला जातो, कधी पडदाच फाटतो. थोडा मळ कानाच्या भल्यासाठीच असतो आणि तो आपोआप बाहेर येतो. मुलाचा कान वाहतो ते "दात येतायत", "सर्दी आहे" म्हणून सोडू नका. वाहता कान वर्षानुवर्षं तसाच ठेवला तर हाडं झिजतात, आजार आत पसरतो. आणि एका-दोन दिवसांत अचानक एका कानानं ऐकू येईनासं झालं तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तिथं उशीर झाला की उपाय कमी उरतात.

मोठ्या आवाजाचं काय करायचं? एक साधा ठोकताळा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या घरात आहे. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तासांपर्यंत काम चालतं असं मानतात. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. १०० डेसिबलला पोचलो तर १५ मिनिटं. डीजेच्या भिंतीसमोर पोरं तासन्‌तास नाचतात, नंतर घरी येऊन म्हणतात, कानात शिट्टी वाजतेय. ती शिट्टी म्हणजे आतल्या पेशींची तक्रार. आवाजाच्या नियमांनुसार, जे सन २००० मध्ये लागू झाले, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा लावता येत नाही. सरकारनं ठरवून दिलेले थोडे सणाचे दिवस तेवढे वेगळे. तेव्हा गणपतीत आवाज कमी करा म्हणणारी बाई देवधर्माच्या आड येत नसते, ती नियमाचंच बोलत असते. गिरणीत, इंजिनजवळ काम करणाऱ्यांनी कानात घालायची बुचं वापरावीत. औषधाच्या दुकानात ती थोड्या पैशांत मिळतात. कापसाच्या बोळ्यानं आवाज फारसा अडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लहान बाळांविषयी. मोठ्या माणसाचं ऐकणं गेलं तर बोलणं शिल्लक असतं. बाळाला जन्मतः ऐकू येत नसेल तर त्याला बोलणंच येत नाही, कारण भाषा कानातून आत जाते. बहिरं बाळही सुरुवातीला हुंकार देतं, हसतं, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. पाठीमागे ताट वाजवून पाहतात, बाळ वळतं, सगळे निश्चिंत होतात. पण बाळ सावलीनं वळलं असेल, किंवा तेवढाच मोठा आवाज त्याला ऐकू येत असेल. "याचा बाप पण उशिराच बोलला होता" म्हणत दोन-तीन वर्षं निघून जातात. मेंदू भाषा शिकण्यासाठी सगळ्यात तयार असतो तीच ही वर्षं.

म्हणून हे लक्षात ठेवा. पहिल्या महिन्यात बाळाची ऐकण्याची तपासणी, शंका असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू. बाळ झोपलेलं असताना कानात लहानसं बोंड ठेवून ही तपासणी होते. सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे मान वळवत नसेल, वर्षाचं झालं तरी नावाला ओ देत नसेल, तर अंगणवाडी ताईंना, आशाताईंना त्याच दिवशी सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि जन्मजात बहिरेपणही त्यात येतं. पथक यायच्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

मोठ्यांसाठी कुठे जायचं? आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. तिथून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ साली सुरू झालेली, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच. यंत्राच्या खर्चासाठी केंद्राची एडिप योजना आहे, तिला अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. २०२४ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, त्यात ६५ वर्षांवरच्या गरजू ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी ३,००० रुपये ठेवले. अटी बदलत असतात, ग्रामपंचायतीत विचारून कागदपत्रं तयार ठेवा.

मावशींचं काय झालं? त्यांच्या सुनेनं एकदा सहज सांगितलं, "आई कुकरच्या शिट्ट्या मोजत नाहीत हल्ली, मला विचारतात." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांच्याबरोबर तपासणीला गेले. आलेख हातात आला तेव्हा डाव्या बाजूला, जाड आवाजाकडे, रेघ वर होती. उजव्या बाजूला, बारीक आवाजाकडे, ती उतारासारखी खाली घसरली होती. तपासणाऱ्या ताईंनी विचारलं, "मोठ्या आवाजात काम करत होता का?" मावशी म्हणाल्या, "गिरणी होती." बस, एवढंच.

यंत्र लावलं तर पहिले काही दिवस त्यांना भांड्यांचा आवाजही नको झाला. काढून डबीत ठेवलं. सुनेनं रोज तास-तास वाढवत सवय लावली. यंत्रानं तरुणपणचे कान परत येत नाहीत, हेही सांगते. गर्दीत अजून त्यांची तारांबळ होते. म्हणून गटानं आपली पद्धत बदलली. बैठकीत एका वेळी एकच बाई बोलते. बोलणारी तोंड समोर ठेवून बोलते, पदर तोंडावर न घेता. ओरडायचं नाही, सावकाश बोलायचं. कळलं नाही तर तोच शब्द पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचं. तारीख सांगताना वारही सांगायचा आणि दोन्ही फळ्यावर लिहायचं: सहा तारीख, शुक्रवार.

मी बैठकीतच मावशींची माफी मागितली. चूक सगळ्यांसमोर केली होती, तेव्हा माफीही तिथंच. या एप्रिलपासून वही पुन्हा त्यांच्याकडे आहे.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. मागे भिंतीला टेकून गप्प बसणारी, सगळ्याला मान हलवणारी, फोन घ्यायचा टाळणारी बाई आपल्या गटात कोण आहे, ते बघा. तिला "लक्ष कुठे असतं" असं विचारू नका. तिच्यासमोर बसा, सावकाश विचारा, "कान दाखवायला जायचं का? मी येते बरोबर." नमस्कार.